पाचव्या बरणीचे सोमवार

मोरीच्या कडेचं शेवाळ आणि घरातले किस्से, दोन्ही कुणी न लावता वाढतात. त्यातून आमचे हे शहाद्याच्या शाळेत गणिताचे मास्तर, आणि त्यांनी जुना मायक्रोस्कोप विकत घेतलेला. मग काय विचारता!

* * *

लोणखेड्याच्या डबक्यातलं पाणी बरणीत असे. त्यात दोन जातींचे जंतू, एक खाणारे आणि एक त्यांचं अन्न. आमच्या यांचं समीकरण सांगे, खाणारे वाढले की दुसरे घटतात, मग उपासमारीनं खाणारे घटतात आणि दुसरे पुन्हा वाढतात.

दूधवाल्या सखूबाईनं भिंगातून पाहिलं. "मास्तर, हाई ते मन्हा घरनंच शे. सासू नी मी."

"खाणारी कोण?"

"कधी ती, कधी मी."

दोन पानांचं समीकरण तिनं चार शब्दांत संपवलं.

* * *

पण बरणीत तसं घडेना. खाणारे सगळं फस्त करत आणि मग स्वतःही मरत. चार बरण्या अशाच गेल्या. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुमच्या जंतूंना गणित येत नाही." यांना जेवण जाईना. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी कळवलं होतं, नाताळात येतो, बरणी जिवंत दाखवा.

* * *

मी श्रावणात सोळा सोमवार धरले. हे हसून म्हणाले, "शंकराला कॅल्क्युलस येतं का?"

म्हटलं, "चंद्र रोज घटतो-वाढतो, तो कुणाच्या डोक्यावर आहे?"

* * *

व्रतात मुक्या जिवाला घातल्याशिवाय मी उपास सोडत नसे. गाईला घास, मुंग्यांना साखर, आणि बरणीत डबक्याच्या ताज्या पाण्याची एक पळी.

पाचवी बरणी जगली! भिंतीवरच्या आलेखाची रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. डॉक्टर पेढे घेऊन आले. यांनी प्राध्यापकांना लिहिलेलं पत्र मला वाचून दाखवलं, 'बरणीत बाहेरून काहीही जात नाही.' मला वाटलं, पळीभर पाणी म्हणजे काही 'काही' नव्हे.

* * *

कार्तिकात उद्यापन झालं आणि रेघ खाली गेली ती वर येईना. नाताळ महिन्यावर आलेला. हे आलेखापुढे बसून एकेका चढावर बोट ठेवत होते.

"प्रत्येक चढाआधी सोमवार आहे," ते म्हणाले. "सोमवारी बरणीत बाहेरून काहीतरी जातं. थोडंसंच." बोलता बोलता त्यांची नजर देवघरातल्या पळीवर गेली.

मी पदर तोंडाशी धरला.

त्यांनी समीकरणात एक नवं पद वाढवलं. प्राध्यापकांना खरं काय ते कळवणारं दुसरं पत्र लिहिलं. मग पळी उचलून माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "अगं, सोळा पुन्हा धरता येतात का?"