डब्याच्या आतले आकडे

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही — पत्नीपाशीही नाही. आता लिहितो आहे, कारण इतरांच्या कथा ऐकवेनाशा झाल्या आहेत.

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत सांगतात, हॉलसाठी मी बनवलेल्या स्पीकरचा आवाज बिघडला, कारण मधले ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे गोल पडदे, नकली निघाले. खोटे. मी स्वतः ते तपासून घेतले होते. माझा मुलगा म्हणतो, घरी बनवलेल्या स्पीकरचे असेच व्हायचे. तेही खोटे. तिसरी कथा — रामदास सुताराने माप चुकवले — सर्वांनाच पाठ आहे. ती रचली कोणी, हे मात्र कोणी कधी विचारले का?

रामदास कुरुळी गावचा. चाकणच्या कारखान्यात मी टूलरूममध्ये, तो पॅटर्न शॉपमध्ये. ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारा. अर्ध्या मिलिमीटरने चुकलेला नमुना तो स्वतःच फोडून टाकी. अशा माणसाला काय म्हटले असता सर्वांत खोल लागेल, हे मला ठाऊक नव्हते?

मधल्या ड्रायव्हरमधून माणसाचा आवाज येतो. त्याला खर्जाचा आवाज काढणाऱ्या वूफरपासून वेगळा, हवाबंद डबा लागतो. तो लहान पडला, की गाणारा नाक दाबून गातो आहे असे वाटते. डबे करायला मी रामदासला बोलावले. माझे गणित नऊ लिटरचे होते. ते बरोबरच होते — आजही कोणीही तपासावे. मापे मी माझ्या हाताने, पहिल्या डब्याच्या मागच्या फळीवर, आतल्या बाजूने, पेन्सिलीने लिहिली.

रामदासने फळी उचलून पाहिली. "साहेब, माप आतलं का भाईरचं? अठराचा प्लाय हाय."

"तू काप. मला शिकवू नकोस."

त्याने कापले, अगदी रेषेवर. गणित आतल्या पोकळीचे होते — आणि मापे मी बाहेरची लिहिली होती. प्लायची जाडी दोन्हीकडून गेली, नऊ लिटरचा डबा जेमतेम पाचचा उरला.

हॉलमध्ये सर्वांसमोर एक भावगीत लावले. "काय राव, बाईंना सर्दी झाली का?" कोणीतरी विचारले. लोक हसले. आणि मी — नकळत? नाही, पुरते कळून — म्हणालो, "सुताराने माप चुकवलं."

तो तिथेच उभा होता. त्याने मोजायचा टेप खिशात टाकला. "व्हय, चुकलं असंल," म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही. सोसायटीच्या वाचनालयाची कपाटे दुसऱ्याने केली. 'माप चुकवणारा' हे नाव कुरुळीपर्यंत पोहोचले. मी ते अडवले नाही.

गेल्या महिन्यात तो वारला. शोकसभेत कोणी म्हणाले, "हात सोन्याचा. फक्त साहेबांच्या डब्याला चुकला." सगळे माझ्याकडे पाहून हळूच हसले. मीही हसलो.

स्पीकर अजून हॉलमध्येच आहेत, सूचना सांगण्यापुरते. दुसऱ्या दिवशी मी हॉलची किल्ली घेतली, ड्रायव्हर उतरवला, भोकातून टॉर्च मारला. आकडे तसेच होते — माझ्या वळणाचे, ठळक. मी सोबत पॉलिश पेपर नेला होता. कशासाठी नेला होता? हात भोकातून आत गेला. शेवटचा आकडा नाहीसा होईपर्यंत मी घासत राहिलो. मग ड्रायव्हर परत बसवला आणि चारही स्क्रू घट्ट आवळले.