वाघनाल्याचं बी

कमचीबाबांकडे मागितलेली वस्तू सहसा मिळत नसे. सूप मागायला गेलेला माणूस पंखा घेऊन परत यायचा आणि पंखा मागणाऱ्याच्या हाती पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं पडायचं. वाद घालून उपयोग नव्हता. ओसरीवर पाय पसरून, कोयतीनं बांबू चिरता चिरता ते मान वर न करता म्हणत, "सुपाचा मोसम नाई जी हा. मार्गशीर्षात येजा." गावात बुरडाचं हे एकच घर. त्यामुळे लोक मिळेल ते मुकाट्यानं घेऊन जात आणि घरी पोचल्यावर बाबांचा उद्धार करीत.

मीही त्यातून सुटलो नाही. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती आणि बोदलकशाच्या तलावापलीकडे, नागझिऱ्याच्या रानाला लागून असलेल्या त्या गावात मी शाळामास्तर म्हणून नवाच आलो होतो. श्रावण चालू होता. शाळेत कागदाचे बोळे टाकायला एक टोपली हवी होती. बाबांनी मला धानाच्या बांधीतल्या पाण्यात लावायचा, मासे धरायचा पिंजरा दिला. "बाबा, मी टोपली मागितली होती," मी म्हटलं. "श्रावणात टोपली कायले जी? श्रावणात मासे असतात," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. वर्षभर आम्ही त्या पिंजऱ्यात कागद टाकले. आत गेलेला बोळा बाहेर काढणं मात्र कुणाला जमलं नाही.

बांबूच्या चिरलेल्या पातळ पट्टीला कमची म्हणतात. बाबा अंगानं तसेच होते, लांब, चिवट आणि कुठूनही वाकणारे. एक मोसम सरून दुसरा लागायच्या सुमाराला ते चार-चार दिवस काही करत नसत. ओसरीवर बसून नुसते रानाकडे बघत. त्यांची बायको, जिला सगळं गाव मैनाकाकी म्हणायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बुडगा हवा खाऊन राहिला." मग पाचव्या दिवशी सकाळी बाबा उठत, कोयतीला धार लावत आणि दिवस मावळेपर्यंत नव्या मोसमाची पहिली वस्तू तयार असे. मी एकदा विचारलं, "बाबा, काय करायचं ते तुम्हाला सुचतं कसं?" ते म्हणाले, "मले काई सुचत नाई जी. मोसम सांगते, मी करतो." हे ते बढाई म्हणून सांगत नसत. मोसमानं सांगितलं नसतं तर ते खरोखरच तसेच बसून राहिले असते.

आमच्या बिऱ्हाडात त्यांच्या हातच्या बऱ्याच वस्तू जमल्या. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, ओढायचा एक बांबूचा बैल होता. त्याचा एक कान खाली पडलेला, कारण बाबांनी तो पाटलांच्या बैलाकडे बघून केला होता. माझी बायको कमल तिचं सूप शेजारणीलाही देत नसे. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत बाबांनी तिला पाखराच्या आकाराचा एक खुळखुळा दिला. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. कमल लाजून म्हणाली, "मी काय करू याचं?" बाबा म्हणाले, "मोसम खुळखुळ्याचा आये बाई. लेकरू येईल मांगून." त्यांचा घरजावई सोमा तिथंच बसला होता, तोही हसला. सोमा त्यांच्या हाताखाली शिकून तयार झाला होता. पण बांबू कापण्याजोगा झाला का ते कळायला त्याला कोयतीच्या पाठीनं ठोकून आतला आवाज ऐकायचं काम बाबांनी स्वतःकडेच ठेवलं होतं.

दुसऱ्या वर्षी मंडया उरकल्या आणि एका सकाळी बाबा शाळेत आले. ते कधी शाळेत येत नसत. हातात बांबूची एक डहाळी होती, पानं जवळजवळ गळालेली आणि पेऱ्या-पेऱ्यावर बारीक, काटेरी, पिवळट झुबके. मी आयुष्यात पहिल्यांदाच बांबूचं फूल बघत होतो. मला फार आनंद झाला. मुलांना दाखवायला मी ती डहाळी वर धरली आणि म्हणालो, "बघा रे, बांबू फुलला." बाबा दारातच उभे होते. "गुरुजी," ते हळूच म्हणाले, "आनंदाचं काई नाई जी त्याच्यात."

मग शाळा सुटल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. ते आठ-नऊ वर्षांचे असताना रान असंच फुललं होतं. बांबू एकदा फुलला की त्याचं बी पडतं आणि अख्खं रान उभ्या उभ्या वाळून जातं. वाळलेल्या बांबूची कमची निघत नाही, हातात मोडते. बीपासून नवा बांबू कापण्याजोगा व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, तेही बी राहिलं तर. त्या वेळी लोकांनी बी वेचून, कांडून, भातासारखं शिजवून खाल्लं. बाबांच्या वडिलांनी रेल्वेच्या कामावर खडी वाहिली आणि त्यातच बाबांची दोन धाकटी भावंडं गेली. फक्त रानाच्या आतल्या वाघनाल्यात तेव्हा वाघाच्या भीतीनं कुणी उतरलं नाही. तिथलं बी जागेवर राहिलं आणि पुढं बाबांनी जन्मभर जो बांबू चिरला तो सगळा त्या एका नाल्यातून पसरलेला होता.

"आता वाघाले कोन भिते जी," बाबा म्हणाले. "पण तेवढा एक नाला सोडला पायजे."

मी तरुण होतो. मला वाटलं, एवढंच ना, सांगू की लोकांना. मी नाकेदाराकडे गेलो. रानाची राखण त्याच्याकडे होती आणि माणूस भला होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बांबू कापला तर मी धरू शकतो, गुरुजी. खाली पडलेलं बी वेचलं तर कोणत्या कलमाखाली धरू?" बाबा तर घरोघर गेले. प्रत्येक ओसरीवर बसून तेच सांगितलं. लोक म्हणाले, "हव बाबा, तेवढा नाला सोडू." कुणी त्यांना तोंडावर नाही म्हटलं नाही. पण त्या साली धान निम्मंच झालं होतं, चैत्र लागेपर्यंत घराघरातल्या कणग्यांचा तळ दिसायला लागला होता, आणि रानात तांदूळ पडल्यासारखं बी पडत होतं. लोकांना दोष द्यायला माझी जीभ तेव्हाही वळली नाही, आजही वळत नाही.

चैत्र म्हणजे मोहफुलं वेचायच्या टोपल्यांचा मोसम. त्या वर्षी टोपल्या मागायला लोकांची रीघ लागली, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की त्या मोहफुलांसाठी नव्हत्या. बाबांनी एकही टोपली केली नाही. ज्या मोसमाची जी वस्तू, ती त्यांनी नाकारल्याचं गावानं पहिल्यांदाच पाहिलं. काही उपयोग झाला नाही. बाबांची टोपली दहा-दहा वर्षं मोडत नसे. घरोघरी त्यांच्याच हातच्या जुन्या टोपल्या होत्या, बी पाखडायला त्यांचीच सुपं होती. मी विचारलं, "बाबा, या मोसमाची वस्तू कोणती?" ते रानाकडे बघत होते. "सांगून नाई राहिला जी मोसम," ते म्हणाले.

वैशाखात आम्ही दोघं वाघनाल्यात गेलो. वर वाळत चाललेले बांबू एकमेकांवर घासून करकरत होते. खालची जमीन अंगणासारखी झाडून काढलेली होती. केरसुणीचे फटकारे स्पष्ट दिसत होते. बी शोधायला मी गुडघ्यांवर बसलो, तर मातीखेरीज काही हाती लागेना. एका दगडाआड कुणाची तरी टोपली विसरून राहिली होती. बाबांनी ती उचलली, फिरवून बघितली आणि म्हणाले, "काठ उसवला." मग ते तिथंच बसले, कमरेची कोयती काढली, खिशातून कमचीचा एक तुकडा काढला आणि टोपलीचा काठ नीट बांधून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती टोपली जिची होती तिच्या घरी नेऊन दिली. मी असतो तर पेटवून दिली असती.

आता माझं सांगतो. त्याच आठवड्यात मी बाबांना जेवायला बोलावलं होतं. कमलला सातवा महिना लागत होता. जेवणाच्या शेवटी तिनं खीर वाढली, गुळातली, जाडसर दाण्यांची. पहिला घास घेताच मला कळलं. मी तिच्याकडे बघितलं तर ती खाली बघत होती. शेजारच्या बायका निघाल्या होत्या, बाळंतपणाला चांगलं असतं म्हणाल्या, आणि ती त्यांच्याबरोबर गेली होती. कुठं गेली होती, हे मला विचारायचं नव्हतं. पण बाबांनी विचारलं, "कुठलं आये बाई?" कमल रडवेली होऊन म्हणाली, "वाघनाल्यातलं."

मला तेव्हा जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. बाबांनी वाटी संपवली. "चव चांगली आये," ते म्हणाले. "खाऊ द्या जी गुरुजी तिले, पोटात लेकरू आये." मग त्यांनी विचारलं की शिजवायचं काही उरलंय का. पितळी डब्यात चार-पाच मुठी उरलं होतं. कमलनं ते सगळं त्यांच्या धोतराच्या सोग्यात बांधून दिलं. वाघनाल्यातलं तेवढंच बी आता जगात शिल्लक होतं, आणि ते आमच्या स्वयंपाकघरातून निघालं होतं.

ज्येष्ठात माझी गोंदियाजवळच्या कामठ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सामान बैलगाडीत चढवून झालं तेव्हा बाबा आले आणि त्यांनी माझ्या हातात एक करंडी ठेवली. ओंजळीत मावेल एवढी, झाकणाची, इतक्या बारीक विणीची की आतला दाणा गळू नये. अशी वस्तू त्यांनी कधी केलेली मी पाहिली नव्हती. आत दोन मुठी बी होतं. "अर्धं मी नाल्यातच लावतो," ते म्हणाले. "पण येथी ढोरं हायेत, शेळ्या हायेत. एका जागेचा भरवसा नाई. तिकडे तुमच्या कामठ्याले तलाव आये, खाणाराले हे ओळखू येणार नाई. पह्यल्या पाण्यानं पाळीवर लावजा जी." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

कामठ्याला पोचलो, घर लावलं, पाऊस आला. शाळेची खोली गळत होती. श्रावणात कमल बाळंत झाली, मुलगी झाली, दोघींनाही ताप येत राहिला. करंडी कोनाड्यात होती. येणारा-जाणारा ती हातात घेऊन कौतुक करायचा आणि मी अभिमानानं बाबांच्या गोष्टी सांगायचो. खुळखुळा, पिंजरा, सगळ्या गोष्टी. तलावाची पाळ, म्हणजे बांध, घरापासून हाकेच्या अंतरावर होती. उद्या जाऊ, रविवारी जाऊ, असं करता करता पाऊस सरला. मग म्हटलं, पुढच्या पावसाला. पुढच्या पावसाला झाकण उघडलं तेव्हा आत टरफलं होती आणि पिठासारखी भुकटी. किड्यांनी एक दाणा ठेवला नव्हता. मी ती भुकटीही नेऊन पाळीवर टाकली. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी गोंदियाच्या बाजारात बाबा भेटले. पाठीवर विड्यांचं गाठोडं होतं, कारखान्यात जमा करायला आले होते. रान वाळलं, सगळं घर विड्या वळतं, असं ते म्हणाले. मांडीवर सूप घ्यायचं, सुपात तंबाखू, पानं, दोरा. "सूप माह्याच हातचं आये," ते हसून म्हणाले. "मोसमाची भानगड नाई जी आता. बारा महिने विडी." बोटांची टोकं पिवळी पडली होती. मग त्यांनी माझा दंड धरला. "नाल्यातलं उगवलं होतं, बोटभर झालं अन् ढोरानं खाल्लं. तुमचं उगवलं काय जी?"

मी म्हणालो, "उगवलं, बाबा. कंबरेएवढं झालंय."

दुसरं काय म्हणायला हवं होतं, ते मला आता नीट कळतं. तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून तेवढंच तोंडातून निघालं. बाबांनी गाठोडं खाली ठेवलं आणि हात कंबरेजवळ धरून उंची करून पाहिली. बोटांवर वर्षं मोजली. "सहा साल अजून," ते म्हणाले. "शेळ्यायले दूर ठेवजा. येईन मी पाहाले." ते पुढं बाजारात ओळखीचा दिसेल त्याला थांबवून सांगत गेले, "आपला बांबू कामठ्याले लागला."

ते आले नाहीत. वर्षभरानं ते गेल्याचं कळलं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला जास्त वाटते.

पुढे पाच वर्षांनी, मार्गशीर्षातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात, एका दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. केस पिकायला लागलेले, बोटांची टोकं पिवळी. मी ओळखलं नाही. "मी सोमा जी," तो म्हणाला, "कमचीबाबाचा जावई." त्याच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली कोयती होती. बाबांनी जाताना त्याला सांगून ठेवलं होतं की अमुक वर्षी कामठ्याला गुरुजींकडे जा, अंधाऱ्या पाखात जा, तेव्हा कापलेल्या बांबूला कीड लागत नाही, आणि सगळा कापू नको, जुना तेवढाच काप. तो पहाटेच निघाला होता.

मी त्याला बसवलं. कमलनं चहा केला. माझी मुलगी दारातून त्याच्याकडे बघत होती. मग मी त्याला जे खरं होतं ते सांगितलं, सगळं, बाजारातल्या खोट्यासकट. तो ऐकत होता. मध्येच उठून त्यानं कोनाड्यातली करंडी घेतली, झाकण काढलं, आत बघितलं आणि झाकण पुन्हा बसवलं. ते अजून पहिल्यासारखंच घट्ट बसत होतं.

"मैनाकाकीले काय सांगू जी?" त्यानं विचारलं. मी त्याच्या हातातली करंडी घेऊन कोनाड्यात ठेवली. त्यानं उरलेला चहा प्यायला, काखेतली कोयती फडक्यात नीट गुंडाळून घेतली आणि गोंदियाची मोटार किती वाजता आहे ते विचारलं.