शिकून राहिली

निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गात समास शिकवत होतो. आमचा शिपाई मनोहर दारात येऊन उभा राहिला आणि काही बोलेचना. मी म्हटलं, ‘बोल ना बाप्पा, माझा तास काऊन खराब करून राहिला?’ तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘सर, डोंगरवार मॅडम गेल्या जी.’ मला वाटलं, गोंदियाला गेल्या. त्या दिवशी त्या शाळेत आल्या नव्हत्या, आणि त्यांच्या परीक्षेचा फॉर्म भरायचे दिवस होते. ‘गेल्या तर गेल्या, उद्या येतील,’ असं मी म्हणालोसुद्धा. मग मनोहरच्या तोंडाकडे पाहिलं... सकाळी घरी भाजी चिरता चिरता त्या कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. गोंदियाच्या दवाखान्यापर्यंत पोचल्याच नाहीत, वाटेतच संपलं. मी खडू ठेवला आणि पोरांना घरी जायला सांगितलं. कोणत्या समासापर्यंत आलो होतो ते मला दुसऱ्या दिवशी पोरांना विचारावं लागलं.

कुंदा डोंगरवार आमच्या शाळेत भूगोलाच्या शिक्षिका होत्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आमचं गाव, गच्चीवरून आभाळ स्वच्छ असलं की आमच्या इकडच्या प्रतापगडचा डोंगर दिसतो. त्यांचं माहेरही याच भागातलं, तलाव बांधणाऱ्या घराण्यातलं. पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल हे त्यांना जमिनीकडे नुसतं पाहून कळायचं, त्यामुळे भूगोल त्या फार झोकात शिकवायच्या. पण त्यांचा जीव होता गणितात. बारावीला विज्ञान होतं, मार्क चांगले होते. पुढे जवळच्या कॉलेजात फक्त कला शाखा, आणि विज्ञानासाठी रोज गोंदियाला पाठवायला घरचे तयार नव्हते. म्हणून बी.ए. झाल्या, मग बी.एड. ‘मले भूगोलानं नाई सर, एस्टीच्या टाइमटेबलानं बी.ए. केलं,’ असं त्या म्हणायच्या.

आमचे गणिताचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी राहिली. भरू, भरू म्हणता म्हणता एक बॅच गेली, दुसरी आली. विज्ञानाचे सर एकटेच, त्यांच्या डोक्यावर आधीच खालच्या वर्गांचं गणित. दहावीच्या तासाला पोरं वर्गात गोंगाट करायची नाहीतर व्हॉलीबॉल खेळायची. शहरातल्या वाचकांना दहावीत गणित राहणं म्हणजे काय हे कदाचित कळायचं नाही. आमच्याकडे गणितात गेलेली मुलगी पुन्हा परीक्षेला बसत नाही. ती भाताच्या रोवणीला जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न होतं. कुंदाबाईंच्या शेजारची एक हुशार पोर अशीच लग्न होऊन गेली. त्यानंतर त्या सरळ मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, ‘दहावीचं गणित मी घेतो.’ आमच्याकडे बायाही ‘घेतो’च म्हणतात.

पत्रव्यवहार झाला. शिक्षण कार्यालयानं परवानगी दिली ती अशी, की बाईंकडे शिकवण्याची पात्रता आहे, विषयाला शिक्षक नाही, तर त्यांनी गणित शिकवावं. मात्र त्याच विषयाची पदवी सोबत सुरू ठेवावी आणि दरवर्षी प्रगती दाखवावी. नाहीतर परवानगी संपली. मला हे काही पटलं नव्हतं. मी स्टाफरूममध्ये बोलून मोकळा झालो, ‘उद्या मला म्हणाल, लांजेवार, तुम्ही मराठीचे, पण डॉक्टर मिळत नाही, जरा पोरांचे दात काढा.’ कुंदाबाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘तुमी दातच काढता ना सर दिवसभर. दुसऱ्याच्या चुकीवर.’ सगळे हसले. मीही हसलो, काय करतो!

अशा रीतीने वयाच्या चाळिशीत बाई बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बसल्या, दूरशिक्षणानं. रविवारी पॅसेंजर पकडून गोंदियाला, अभ्यास केंद्रावर. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, नाटकं येतात, आमच्याकडे त्या दिवसांत आजारी माणूसही घरात थांबत नाही. त्या मात्र पुस्तक घेऊन घरात. त्यांचा नवरा धनराज मंडईत भेटला की म्हणायचा, ‘आमच्या घरी यंदा मंडई नाई, कॅलक्युलस आहे.’ शाळेत नकाशे ठेवायची एक चिंचोळी खोली होती. मधल्या सुटीत डबा खाऊन त्या तिथे बसायच्या. बाहेर पोरांचा दंगा चालायचा. तो ऐकून आठवीतल्या एका मुलीनं पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून दारावर पाटी टांगली : ‘मॅडम शिकून राहिली. आवाज नको.’

मी मराठीचा शिक्षक. तीस-बत्तीस वर्षं पोरांना सांगत आलोय, की घरी काय बोलायचं ते बोला, पेपरात ‘येऊन राहिलो, जाऊन राहिलो’ लिहाल तर मार्क कापीन. ती पाटी पाहून माझा हात शिवशिवला. मी लाल पेननं खाली लिहिलं, ‘शिकत आहेत’. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पुठ्ठा नवीन, मजकूर जुनाच. विचारलं तर बाई म्हणाल्या, ‘सर, शिकत आहे म्हटलं का कोणी परीक्षा घेऊन राहिलं असं वाटते. शिकून राहिली म्हटलं का मांडी घालून बसल्यासारखं वाटते. राहू द्या ना.’ आता यावर कोणतं व्याकरण सांगता!

त्यांचं शिकवणं मी खिडकीतून ऐकायचो. एखादं उदाहरण अडलं की त्या खडू ठेवून पोरांना सांगायच्या, ‘हे मले नाई आलं. उद्या सांगतो.’ मला ते ऐकवत नसे. आमच्या पिढीचा मास्तर असं मेला तरी बोलणार नाही. पण दुसऱ्या दिवशी पोरं वेळेच्या आधी वर्गात हजर, मॅडमला आलं का ते बघायला. त्रिकोणमितीला त्या वर्ग गावतलावावर न्यायच्या. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून पलीकडच्या मोहाच्या झाडाची उंची काढायला लावायच्या, आणि एखाद्याचं उत्तर ताडाएवढं आलं की म्हणायच्या, ‘जाय, चढ अन् मोजून ये.’

दुसऱ्या वर्षी त्या एका पेपरात नापास झाल्या. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. यांनी दहावीच्या वर्गात जाऊन स्वतःच सांगितलं, ‘मी नापास झाली. सहामाहीत ज्याचं गणित गेलं, तो अन् मी, आपण संगच परत बसू.’ पोरं खूश, पण गावात बोभाटा झाला. पालकसभेत राईस मिलवर काम करणारा एक बाप उठला, ‘मॅडम सोताच नापास, तं आमच्या पोराइले का शिकवते?’ मुख्याध्यापक मध्ये पडायला निघाले, त्यांना बाईंनी हातानंच थांबवलं. म्हणाल्या, ‘बराबर बोलून राहिले भाऊ तुमी. माझा गेला तो पेपर बी.एस्सी.चा आहे. दहावीचं मले येते. जिथं येत नाई तिथं मी थांबतो, शिकतो, मंग शिकवतो. तुमच्या पाहण्यात गणिताचा दुसरा मास्तर असन तं घेऊन या, मी उद्यापासून भूगोल शिकवतो.’ त्या माणसानं खांद्यावरचा दुपट्टा सावरला. मग म्हणाला, ‘दुसरा असता तं तुमाले कायले बोललो असतो जी?’ आणि खाली बसला.

खरा घोळ पुढच्या वर्षी झाला, आणि तो झाला एका शब्दावरून. तपासणीला नवे साहेब आले होते, कोल्हापूरकडचे. माणूस सज्जन, आवाजही न चढवणारा. त्यांनी बाईंना विचारलं, ‘मॅडम, तुमच्या पदवीचं काय झालं?’

‘करून राहिली जी.’

‘राहिली?’ साहेब हळहळले. ‘कशामुळं राहिली?’

बाईंना वाटलं, एवढ्या वयात कशासाठी करता असं विचारताहेत. त्या म्हणाल्या, ‘पोराइसाठी.’

‘खरं आहे,’ साहेब म्हणाले. ‘घरी लहान मुलं असली की बाईमाणसाचं राहतंच.’

कुंदाबाईंना मूलबाळ नव्हतं. साहेब भलतंच काय बोलले हे त्यांना कळलं नाही, वरिष्ठांना उलट विचारणं त्यांना बरं वाटलं नाही, आणि साहेबांनी सहानुभूतीनं शेरा मारला : कौटुंबिक कारणास्तव शिक्षण राहिले. झालं! ऐन सराव परीक्षेच्या तोंडावर परवानगी बंद झाल्याचं पत्र आलं. दहावीचा गणिताचा तास पुन्हा रिकामा झाला. बाई शेजारच्या वर्गात मोसमी वारे शिकवत होत्या, आणि भिंतीपलीकडे दहावीची पोरं अगदी चूप बसली होती. पूर्वी याच रिकाम्या तासाला पोरं गोंगाट करायची. त्या चूप बसण्यानं मला वर्गात बोलणं जड जायला लागलं.

मी म्हटलं, चला बाई, हा मराठीचा मामला आहे, म्हणजे माझा. पॅसेंजरनं आम्ही गोंदियाला गेलो. आदल्या वर्षाचा निकाल सोबत होता, नापास झालेल्या पेपरासकट. साहेबांनी तो पाहिला आणि गोंधळले, ‘पण तुम्हीच म्हणालात ना, राहिली?’ मी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कचेरीत व्याकरणाचा तास घेतला. ‘साहेब, तुमच्याकडे राहिलं म्हणजे सुटलं, अपुरं पडलं. आमच्या झाडीपट्टीत राहिलं म्हणजे चालू आहे. करून राहिली म्हणजे करते आहे. थांबलेली नाही.’

साहेबांनी निकाल टेबलावर ठेवला. मग कपाळावर हात मारून म्हणाले, ‘अरे देवा! म्हणजे परवा आमचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला, गाडी घेऊन येऊन राहिलो... मी म्हटलं आलास आणि राहिलास, तर दिसत का नाहीस? उगाच ओरडलो त्याला.’ शेजारच्या टेबलावरचा क्लार्क इतका हसला, की त्याला उठून बाहेर जावं लागलं, जाता जाता म्हणाला, ‘साहब, यहाँ सब कुछ होऊनच राहते.’ साहेबांनी तिथल्या तिथे जुना शेरा खोडला. पेन उचलून मला विचारलं, ‘मग आता काय लिहू, सर?’ मी म्हटलं, ‘शिकत आहेत.’ बाई म्हणाल्या, ‘शिकून राहिली लिवा जी.’ साहेबांनी माझं लिहिलं. परतीच्या गाडीत बाई मला म्हणाल्या, ‘तुमी आज झाडीकडून भांडले सर, पन मार्क मात्र प्रमाणभाषेलेच देले.’

त्या वर्षी सगळी पोरं पास झाली असं काही मी सांगणार नाही. पण बरीच झाली, मुली जास्त झाल्या. त्या राईस मिलवाल्याची पोरगी आता नागपूरला नर्सिंग करते. बाईंच्या अंत्ययात्रेला ती आली होती. बाप तिच्या मागे उभा होता.

हे वाचून कोणी म्हणेल, बघा, हा मार्ग किती चांगला, मग जागा भरायच्याच कशाला? जरा सबूर. माझं मत आजही तेच आहे, की जागा भरली पाहिजे. गणिताला गणिताचा माणूस हवा, आणि एका बाईनं घर, भूगोल, दहावी आणि स्वतःचा अभ्यास असं सगळं एकटीनं ओढावं ही काही कौतुकानं टाळ्या पिटायची गोष्ट नाही. पण जागा भरेपर्यंत पोरं मोठी होतात. ती काही जाहिरात निघायची वाट पाहत दहावीत थांबत नाहीत. एवढं मला कुंदाबाईंकडे बघून कळलं, आणि म्हणून माझं निम्मं भांडण मी सोडलं.

त्यांचा शेवटचा एक पेपर बाकी होता. तोच, नापास झाला होता तो. या उन्हाळ्यात देणार होत्या. साहेबांनी तेव्हा चुकून लिहिलेला शेरा आता खरा झाला : शिक्षण राहिले. तुमच्या अर्थानं, साहेब. मला याचा राग येतो. कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून मनोहरवर निघतो. तो बिचारा ऐकून घेतो.

गेल्या आठवड्यात इंग्रजीच्या पटले मॅडमनी दहावीचं गणित मागून घेतलं. तिरोड्याकडची तरुण मुलगी, बी.एड. झालेली, घाबरट. परवानगीचा अर्ज गेलाय, अट तीच. परवा मुख्याध्यापक मला म्हणाले, ‘सोमवारी तपासणी आहे. नकाशांच्या खोलीवरचा तो पुठ्ठा काढून टाका, नाहीतर लांजेवार सर, तुम्ही शुद्ध करून लावा. बाहेरचे लोक काय म्हणतील?’

मधल्या सुटीत मी लाल पेन घेऊन गेलो. मनोहरनं स्टूल आणलं होतं. दार अर्धं उघडं होतं, आत भारताच्या मोठ्या नकाशाखाली पटले मॅडम पुस्तक उघडून बसल्या होत्या. मला पाहून धडपडत उठल्या, ‘सर, जगह चाहिए का? मी उठतो ना.’ मी हातानंच बसा म्हटलं. त्या बसल्या, आणि लगेच ओठ हलवत कुठलंसं सूत्र पुटपुटायला लागल्या.

पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडलेत, स्केचपेनचा निळा रंग उडालाय, पण अक्षर वाचता येतं. मी पेनाचं टोपण काढलं.

‘काय करता जी सर?’ मनोहरनं स्टूल धरून विचारलं. ‘काढू, का सुधारता?’

‘राहू दे,’ मी म्हटलं.