तिसरा माणूस कुणी पाहिला?

पहिला फटका कोपरावर बसला तेव्हा माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. हेब्बाळच्या आमच्या कारखान्यात दुपारी दोनला पाळी बदलते. कंपनीच्या बस गेटसमोर वळत असतात, धूळ उडते, आणि त्या दहा मिनिटांत पत्रकं वाटून संपवावी लागतात. पत्रकात एवढंच होतं की प्रेसमशीनवर दोन बोटं गेलेल्या बाईला कंत्राटदारानं दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं.

हेल्मेट घातलेले दोघं मोटारसायकलवरून उतरले. एकाकडे लोखंडी पाइप होता. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, दुखलं नंतर. दुसरा फटका कानामागे बसला. पडल्यावर बूट. बरगडीत, पोटात, पुन्हा बरगडीत. कुणीतरी "साकु, साकु" म्हणत होतं, कन्नडात पुरे झालं म्हणत होतं, आणि लाथा चालूच होत्या.

मग तिसरा आला. त्यानं माझा खांदा दोन्ही हातांनी खाली दाबला आणि कुणीतरी माझा मोडका हात धरून ओढला. ओला कपडा पिळावा तसा पिळला. मी किंचाळले. तिसरा माझ्या कानाशी म्हणाला, "चिमणे, हलू नको."

मला चिमणे म्हणणारा जगात एकच माणूस आहे. माझा मावसभाऊ. त्याच कंत्राटदाराकडे सुपरवायझर.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात पोलीस जबाब घ्यायला आले. मी एक क्षणही थांबले नाही. त्याचं नाव सांगितलं, विजयनगरचा पत्ता सांगितला. सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा उमटवला. जमलं असतं तर त्याच पाइपनं मी त्याचे गुडघे फोडले असते. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा तर बरं वाटत होतं.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. अप्पा चाळीस वर्षं पत्रकं लिहितात. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवर, आणि घड्या घालायला शिकले त्याआधी. छापायला देण्यापूर्वी पत्रक मोठ्यानं वाचायचं. प्रत्येक वाक्यानंतर अप्पा विचारणार, "कुणी पाहिलं?" पाहणारा सांगता आला नाही तर लाल पेन्सिल फिरायची. वाक्य कितीही जोरदार असो. लहानपणी मी रडायचे, कारण माझी सगळ्यात चांगली वाक्यं नेमकी तीच असायची.

त्या संध्याकाळी आमच्या कामगार संघटनेनं नवं पत्रक काढलं. 'कंत्राटदाराच्या माणसानं सख्ख्या मावसबहिणीचा हात मोडला.' अप्पांनी ते वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच प्रश्न विचारला नाही. विचारणार कुणाला? पाहणारी त्यांची स्वतःची मुलगी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी हातात धातूची पट्टी बसवायचं ऑपरेशन झालं. भूल देताना आकडे मोजायला सांगितले. मी आमच्या घरी मोजतात तसे, निम्मे मराठी, निम्मे कन्नड मोजले. पाचनंतर काही नाही. अंधारसुद्धा नाही. त्या तासांत त्यांनी माझ्या हाडाला भोकं पाडली, स्क्रू पिळले, आणि त्यातलं काहीही माझ्यापर्यंत पोचलं नाही.

शुद्धीवर आले तर मावशी पायाशी उभी. केस सुटलेले.

"बघ गं, माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "तेला उलटा टांगून तळपायावर मारलेत. कबूल कर म्हणत्यात. तो कशाला मारंल तुला? तेनंच आणलं की तुला इथं, टेम्पोत घालून!"

"खोटं," मी म्हणाले. "मी त्याला ऐकलंय. त्यानं मला दाबून धरलं होतं."

"तुला आणल्यालं कळलं तर कामावरनं काढतील म्हणून गप्प निघून गेला गं तो. अय्यो, देवाची शपथ घेऊ का?"

"तुझा देव तुलाच ठेव. बाहेर हो."

मावशीला मी असं बोलले. तिनं मला दहा वर्षांची होईपर्यंत न्हाऊ घातलं होतं.

दुपारी भूलतज्ज्ञ डॉक्टरबाई तपासायला आल्या. जीभ बाहेर काढा, डोकं दुखतं का, असलं काही विचारून झाल्यावर सहज म्हणाल्या, "परवा तुमचा खांदा धरणारा तो तरुण कुठाय? तुमच्यापेक्षा तोच जास्त रडत होता."

"कोण तरुण?"

"कॅज्युअल्टीत. कोपर निखळलं होतं तुमचं, लगेच ओढून बसवावं लागलं. तेव्हा मी हलकं औषध दिलं होतं, आजच्यासारखी पूर्ण भूल नव्हे. हाताखाली माणूस कमी होता, म्हणून त्याला म्हटलं खांदा दाबून धर."

मी विचारलं, "भुलीत ऐकू येतं?"

त्या खाटेच्या कडेला बसल्या. "कान बंद होत नाहीत हो. झोपेतही नाही. आवाज मेंदूपर्यंत जातोच. जागेपणी एका भागानं ऐकलं की बाकीचे भागही कामाला लागतात, कुणाचा आवाज, कुठला, कधीचा. झोपेत बहुतेक आवाज पहिल्याच पायरीवर विरतात. पण स्वतःच्या नावानं हाक मारली तर माणूस उठतो. पूर्ण भुलीत पुढचं सगळं ठप्प. परवाचं औषध मात्र विचित्र आहे. त्यात आवाज, स्पर्श आत शिरतात, पण त्यांचा ठावठिकाणा हरवतो. मेंदू ते कुठेही जोडतो. नक्की कसं, ते आम्हालाही सगळं कळलेलं नाही."

त्या गेल्यावर मी डोळे मिटून ती दुपार पुन्हा आणली. पाइप. बूट. साकु, साकु. मग खांद्यावरचे हात, "चिमणे, हलू नको." पुन्हा ऐकलं. पुन्हा. आणि त्या आवाजाच्या मागे काहीतरी वाजत होतं. एका लयीत, बारीक. टिक्, टिक्, टिक्. हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र. हेब्बाळच्या धुळीत, बसच्या चाकांशेजारी, माझ्या आठवणीत ते यंत्र वाजत होतं. पहिल्यापासून वाजत होतं. मी ते ऐकलं होतं आणि विचारलं नव्हतं.

मी अप्पांना बोलावून सगळं सांगितलं, जबाब मागे घ्यायचाय म्हणाले.

संध्याकाळी संघटनेतले काका आले. सगळं ऐकून ते हळू म्हणाले, "जबाब राहू दे. तो कंत्राटदाराचाच माणूस ना? तो अडकला तर कंत्राटदार अडकतो. हेल्मेटवाल्यांना कुणी ओळखत नाही. तू मागे घेतलंस तर केस संपली, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग? बोटं गेलेल्या त्या बाईचा विचार कर."

"तिच्याच नावानं खोटं बोलू?" मी ओरडले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठली. "आज याचे तळपाय, उद्या कुणाचे?"

काका अप्पांकडे वळले. "तुम्ही तरी सांगा हो."

अप्पा खिडकीकडे बघत होते. "रिक्षा बोलवा," एवढंच म्हणाले.

स्वतःच्या जबाबदारीवर जातेय असं इस्पितळाला लिहून देऊन आम्ही निघालो. ठाण्यात साहेबांनी माझा जबाब दोनदा टेबलावर आपटला. "आधी तो, आता तो नाही. डोक्यावर मार लागलाय की काय?"

"लागलाय," मी म्हणाले. "कानामागे. तेही लिहा."

मावसभावाला बाहेर आणलं तेव्हा तो भिंत धरून टाचांवर चालत होता. मी पुढे झाले, डावा हात त्याच्या दंडाकडे नेला.

"हात लावू नको," तो म्हणाला. पुढे चिमणे म्हणाला नाही. मावशीनं त्याला रिक्षात चढवलं तेव्हा त्याचे पाय माझ्या तोंडासमोर आले. सुजून फाटलेले, काळेनिळे.

घरी आल्यावर त्या खोट्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा अप्पांनी अंगणात जाळला. मग लाल पेन्सिल घेऊन बसले. मी डाव्या हातानं, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहीत होते, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचत होते.

"हेल्मेट घातलेले दोघं."

"कुणी पाहिलं?"

"मी."

"लोखंडी पाइप."

"कुणी पाहिलं?"

"मी."

"तिसरा कुणी नव्हता. आम्ही खोटं छापलं. त्या खोट्यावर पोलिसांनी एका माणसाला उलटं टांगलं आणि त्याचे तळपाय फोडले."

अप्पांची पेन्सिल थांबली.

"विचारा ना," मी म्हणाले.

"तळपाय कुणी पाहिले?"

"मी पाहिले."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता नवी पत्रकं घेऊन मी गेटवर होते.