गोरे केलेले हात

"दोन्ही हात टेबलावर ठेव," मेकअपवाली म्हणाली. ठेवले. तिनं स्पंज बुडवला आणि मनगटापासून नखांपर्यंत पांढरट रंग थापायला लागली. भिंतीला चुना लावतात तसा. मी विचारलं, हे कशाला? ती गोड हसली. "यू आर ग्रँड, लव्ह. जरा उजळ करतेय. ज्यू बाईचे हात वाटायला हवेत ना."

मी ज्यू आहे. हात माझे आहेत. तरी ते ज्यू बाईचे वाटत नव्हते.

आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावाबाहेर एका जुन्या मोठ्या बंगल्यात शूटिंग होतं. डब्लिनला सिनेमाचं शिक्षण संपवून मी तिथे प्रॉप्सला लागले होते. सगळ्यात खालची. कपबशा मांडायच्या, मेणबत्त्या आणायच्या, कुणी ओरडलं की पळायचं. माझ्या व्हिसाची मुदत संपत आली होती. पुढच्या मालिकेत नोकरी देतो, तसं पत्र देतो, असं निर्मात्यानं कबूल केलं होतं. ते पत्र मिळालं तरच मला इथे राहता येणार होतं. म्हणून तीन आठवडे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते.

सिनेमा एका ज्यू कुटुंबाचा. दुसऱ्या महायुद्धात आईनं कॅथलिक नाव घेऊन जीव वाचवला. मग आयर्लंडला आली, आणि मरेपर्यंत पोरांना कळू दिलं नाही आपण कोण ते. त्या दिवशी तळघरातला प्रसंग होता. शुक्रवारी संध्याकाळी ती लपूनछपून शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाच्या, दोन मेणबत्त्या लावते, तो. नटीनं मेणबत्त्या लावल्या आणि काडी फू करून विझवली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काडी फुंकायची नाही!"

सगळं थांबलं. दिग्दर्शिका वळली. मी सांगितलं, दिवा लागला की शब्बाथ सुरू झाला, मग विस्तव विझवायचा नाही. काडी ताटलीत ठेवायची, तिची ती विझते. माझी आई ठाण्याला दर शुक्रवारी तशीच ठेवते.

"तुला कसं माहीत?"

"मी ज्यू आहे."

हशा. कॅमेरामन मोठ्यानं हसला, दिवेवाले हसले. ज्यू चालीरीतींसाठी एक सल्लागार नेमले होते, स्वतः ज्यू नसलेले. त्यांनी विचारलं, "म्हणजे ज्यू माणसाशी लग्न केलंयस का?"

मी सांगितलं त्यांना. आम्ही बेने इस्राएल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. गृहस्थ मान डोलवत राहिले. "इंटरेस्टिंग. पण म्हणजे तसे ज्यू नव्हेत." त्यांनी पुस्तकं वाचली होती. मी नुसतीच जन्मले होते.

दिग्दर्शिकेनं मला करून दाखवायला लावलं. मी काडी ओढली, मेणबत्त्या लावल्या, काडी ठेवली, ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांवर धरले आणि प्रार्थना म्हटली. बाईंचे डोळे भरून आले. "हेच! क्लोजअपला हिचे हात घ्या." माझा चेहरा नको होता. फक्त हात. आणि तेही गोरे करून.

रंग वाळायची वाट बघत बसले होते, तेव्हा साउंडवाला अनिरुद्ध आला. पुण्याचा, माझ्याच कॉलेजचा.

"अगं, तू ज्यू? म्हणजे बेसिकली ख्रिश्चनच ना? दोन वर्षांत बोलली नाहीस कधी!"

नव्हते बोलले. माझं आडनाव 'कर'नं संपतं. इथल्या मराठी मंडळींनी पहिल्याच गणपतीला मला आपल्यातली धरलं. एका काकूंनी विचारलंही, "नक्की कोण गं तुम्ही?" मी म्हटलं, ठाण्याचे. काकू खूश. मीही सुटले.

"जाऊ दे ना यार," अनिरुद्ध म्हणाला. "क्रेडिट मिळेल. लेटर हातात पडेपर्यंत गप्प बस."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. गप्पच तर बसले होते मी. सिनेमातल्या बाईच्या मागे बंदुका होत्या. माझ्या मागे कोण होतं? एक काकू. चार लोकांत अवघडायला नको, एवढ्यासाठी मी स्वतःच्या आईला लपवलं होतं. लाज वाटली. अजून वाटते.

सेटवर गेलो. दिग्दर्शिका सगळ्यांना हळव्या आवाजात सांगत होती, "या लोकांना आपण कोण हे लपवून जगावं लागलं. विचार करा. माझं तर काळीज तुटतं." मग माझ्याकडे बघून मेकअपवालीला म्हणाली, "मनगट काळं दिसतंय गं. अजून जरा लाव."

मी उठले. आगीसाठी म्हणून कोपऱ्यात पाण्याची बादली असते. सकाळी मीच भरली होती. दोन्ही हात त्यात बुडवले आणि खसाखसा चोळले.

"हात घ्यायचे तर असेच घ्या."

"अगं, यात पर्सनल काही नाही," दिग्दर्शिका म्हणाली. "प्रेक्षक गोंधळतील."

"गोंधळू देत."

निर्माता पुढे आला. आवाज अगदी मऊ. "तुला ते पत्र हवंय ना?"

"हवंय. पण रंग लावून नको."

आणि मी निघाले. कुणी थांबवलं नाही. अनिरुद्धनं हेडफोन नीट करायचं काम काढलं.

पत्र मिळालं नाही. नंतर कळलं, मी करून दाखवलेलं त्यांनी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ते बघून नटी सगळं शिकली आणि प्रसंग तिच्याच हातांनी पार पडला. गरज सरो, वैद्य मरो.

मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, मी बेने इस्राएल आहे, ज्यू आहे, दोन वर्षं सांगितलं नाही ती चूक माझी. तिघांनी अंगठे पाठवले. त्याच काकूंनी विचारलं, "मग गणपतीला कशी यायचीस?" मी लिहिलं, "तुम्ही बोलवायचात म्हणून."

यंदा बोलावणं आलेलं नाही. मुदतीचे सात आठवडे उरलेत. दुसरं काम शोधतेय. नाही मिळालं तर परत जाईन, रडत जाणार नाही. पण इथे आहे तोवर, कुणी विचारो न विचारो, मी कोण ते आधी सांगणार. ज्याला हसायचंय त्यानं समोर उभं राहून हसावं. मी जागची हलणार नाही.