समुद्रावरच्या वाऱ्याची शाळा

मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वाहिलेला माणूस म्हणून आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, नाव घेतात. मुलांचा गलका मात्र त्यांना घटकाभरही सहन होत नसे.

त्यांचा जीव होता भिंतींवर. निवृत्त ओव्हरसियर. कुणाकडेही गेले की नमस्काराआधी भिंतीला तळवा लावत आणि यजमानावर खेकसत. माझ्या नव्या सिमेंटच्या घराला हात लावून म्हणाले, "जावईबापू, इथं राहता का पापड वाळवता?" आणि चहा घ्यायला अंगणात जाऊन बसले.

विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि शाळांचे नकाशेही मुंबईहून येऊ लागले. बोरी अरबजवळच्या एका बंजारा तांड्याला शाळा मिळणार म्हटल्यावर मामाजींनी आपणहून आराखडा काढला: जाड मातीच्या भिंती, बांबूंवर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, मधोमध जुना निंब, पश्चिमेला एकही खिडकी नाही आणि पूर्वेच्या खिडक्या इतक्या ठेंगण्या, की खाली बसलेल्या पोराला शेतातली कपाशीची पऱ्हाटी दिसावी. तांड्याने माती तुडवायलाही घेतली. तेवढ्यात जीपमधून इंजिनियरसाहेब आले. त्यांच्या नकाशात टिनाचं छप्पर होतं आणि पश्चिमेला भल्यामोठ्या खिडक्या. कशासाठी? तर समुद्रावरचा वारा आत यावा म्हणून!

"साहेब," मामाजी कडाडले, "समुद्र कधी येऊन राह्यला इकडे? तोवर पोरं भाजता काय?"

"नकाशा मंजूर आहे. आणि हे झाड वर्गात येतं. तोडावं लागेल."

तांड्याचे नाईक पुढे झाले. निंबाला पाठ टेकून ते म्हणाले, "शाळा तुमची, साहेब. झाड आमचं हाये. शाळा सरकवा."

शाळा सरकली. जिंकलो ते एवढंच. उद्घाटनाला पाहुण्यांनी निंबाच्या सावलीत बसून टिनाच्या छपराची तारीफ केली. मला त्या माणसांचा राग अजून आवरत नाही. एक दुपार त्या छपराखाली काढायची एकाचीही छाती नव्हती, आणि पोरांनी मात्र तिथं शहाणं व्हायचं!

मामाजी दर उन्हाळ्यात तिथं जात. भिंतीला तळवा लावत, मास्तरांवर ओरडत, पोरांना बाहेर हाकलत. मग वर्ग निंबाखाली भरे आणि त्या गलक्यात मामाजी डोळे मिटून स्वस्थ बसून राहत.

ते गेल्यावर वरच्यांना त्यांची थोरवी पटली. टिनाच्या त्या इमारतीला मामाजींचं नाव देण्यात आलं. समारंभ निंबाखाली झाला. आत फार उकडत होतं.