काचेवरचं बोट

हमरस्ता सोडून दोन मैल चालल्यावर कृष्णवेणीनं चपला काढून पिशवीत टाकल्या. सिरुवापुरीच्या मुरुगनाच्या देवळात सहा मंगळवार पायी जायचा दोघींचा नेम, त्यातला हा चौथा. नवऱ्याच्या बदलीपायी सईबाई साताऱ्याहून अण्णा नगरात आल्या, तेव्हापासूनची ही शेजारीण. हिच्या घरात तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ.

"राममूर्ती सारनी काल मला घरी बसवलं," कृष्णवेणी म्हणाली. "शुक्रवारपर्यंत सही, नाहीतर राजीनामा."

"कसली सही गं?"

गुम्मिडिपूंडीच्या एका औषध कारखान्यात बावीस वर्षं ती गोळ्या तपासत होती. गोळी कुटायची, विरघळवून गाळायची, ते पाणी चौकोनी काचेच्या नळीत भरून यंत्रात ठेवायचं. यंत्र त्यातून डोळ्याला न दिसणारा उजेड सोडतं. औषध जेवढं जास्त, तेवढा उजेड ते गिळतं. शंभरात पंच्याण्णवाच्या खाली आलं, की माल बाद.

शनिवारी तापाच्या गोळ्या अठ्ठ्याऐंशीवर आल्या. मॅनेजर राममूर्तींनी तेच पाणी लावण्या नावाच्या नव्या मुलीकडून तपासून घेतलं. तिचे आले शहाण्णव. साहेब खूश.

कृष्णवेणीनं ती नळी उचलून खिडकीशी धरली. नळीच्या दोन बाजू खरखरीत, त्या धरायच्या. दोन नितळ, त्यांतून उजेड जातो. त्यांना बोट लावायचं नाही. नितळ बाजूवर अंगठा स्वच्छ उमटला होता.

"केसांना तेल लावून आलीस का गं?"

"रोजच लावते, अक्का," लावण्या पुटपुटली.

कृष्णवेणीनं काच पुसली, नळी परत ठेवली. अठ्ठ्याऐंशी.

"शहाण्णव छापून आलेत, मॅडम," राममूर्ती म्हणाले. "यंत्र खोटं बोलतं का?"

"यंत्र नाही सार, तेल बोललं. तेही उजेड अडवतं. मग गोळ्या कशाला, तेलच विका की. ताप उतरतो का बघू."

"इतकी वर्षं तुम्हाला सांभाळलं आम्ही."

"मी गोळ्या सांभाळल्या. शहाण्णवावर माझी सही होणार नाही."

ऐकता ऐकता सईबाईंची पावलं मंदावली. "अगं कृष्णे, तुझ्या लेकीच्या, जननीच्या कॉलेजचं अजून वर्ष बाकी आहे. घरात कमावती तू एकटी. जरा सबुरीनं घे. मुरुगनाच्या कानावर घालू या."

"त्याला असकं, सगळंच ठाऊक आहे. मालकाला ठाऊक नाही. मालक पुण्याचे, तुमच्यासारखे मराठी शाळेत शिकलेले." ती भराभर पुढं चालत होती; तिला गाठताना सईबाईंना धाप लागली. "मला मराठी बोलता येतं, लिहायला हात वळत नाही. आमच्याकडं चिठ्ठीसुद्धा तमिळमध्ये. दर्शन झालं की ओट्यावर बसू. मी सांगते तसं तुम्ही मालकांना पत्र लिहा, सईबाई. अठ्ठ्याऐंशीच लिहा, 'किंचित कमी' लिहू नका. खाली नाव माझं, पूर्ण. आणि माफी कुठंच मागू नका."